'स्त्री' मासिकाला नुसतं पाककृतीचं मासिक म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या महिला पुरवणीत बायकांच्या जुन्या मासिकांवर एक छोटा लेख आलाय. लेख तसा चांगलाय, जुन्या मुखपृष्ठांचे फोटोपण छान छापलेत, पण त्यात असं लिहिलंय की पूर्वी ही मासिकं म्हणजे पाककृती, विणकाम आणि गोड गोड गोष्टी, आणि मग बायका शिकल्या, नोकरीला लागल्या तशी मासिकं मॉडर्न झाली. हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. पत्र मोठं होणारय. काटछाट करायची तर करा पण शेवटी ज्या मागण्या केल्यात त्या तेवढ्या छापा ही विनंती.

पहिलं म्हणजे सोलापूरच्या पेपरात 'स्त्री' मासिकावर लिहायचं आणि ते काढणारा माणूस सोलापुरातच जन्मला हे सांगायचंच नाही, हे मला पटलं नाही. शंकर वासुदेव किर्लोस्कर, ज्यांना सगळा महाराष्ट्र शंवाकि म्हणून ओळखायचा, ते १८९१ साली इथं जन्मले. नांगराचा कारखाना काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्यांचे काका. काकांनी १९१० ला त्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथं लोखंडी नांगर, उसाचे चरक, कडबा कापायची यंत्रं असलं सगळं तयार व्हायचं, आणि पुतण्या चित्रकला शिकून आलेला, तो तिथं जाहिरातीचं काम बघायला लागला. १९२० ला त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते खरं तर कारखान्याची माहिती गिऱ्हाइकाला कळावी म्हणून, पण हळूहळू त्यात समाजाचे विषय यायला लागले, पुढं त्याचं नुसतं 'किर्लोस्कर' झालं, आणि ऑगस्ट १९३० मध्ये 'स्त्री' सुरू झालं. मग १९३४ ला 'मनोहर'. एका नांगराच्या कारखान्यातून तीन मासिकं निघाली आणि तिन्ही घराघरात गेली, आणि ही सगळी खटपट करणारा माणूस आपल्या गावात जन्मलेला, याचा अभिमान आपल्याला वाटायला पाहिजे की नको?

आता १९३० हे साल कसलं होतं ते पण बघा. शारदा कायदा त्याच वर्षी एक एप्रिलपासून लागू झाला, म्हणजे चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही. त्यावरून घराघरात वाद चाललेले, बरेच जण तर कायदा लागू व्हायच्या आत उरकून घ्या म्हणून घाईघाईनं लग्नं लावायला लागले होते. मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आपल्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. देशभर बायका मीठ उचलायला, पिकेटिंगला घराबाहेर पडत होत्या. अशा सालात निघालेलं मासिक नुसतं करंज्या कशा खुसखुशीत होतील ते सांगत बसलं असेल का? बालविवाह, विधवांचं पुढं काय, मुलींनी किती शिकायचं, संततिनियमन, बाईनं कमवायचं की नाही, ज्या गोष्टी घरात मोठ्यानं बोलता यायच्या नाहीत त्या 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'त छापून यायच्या. आणि शंवाकि तर अंधश्रद्धा, कर्मकांड यांच्यावर सडकून लिहायचे, त्यापायी त्यांना शिव्यापण भरपूर खायला लागल्या.

बायकांसाठी मासिक ही कल्पना काय त्यांची पहिलीच नव्हती, 'आर्यभगिनी' १८८६ चं आहे, म्हणजे तेव्हाच बायकांना आपलं काहीतरी छापील पाहिजे होतं. पण ते मोजक्या घरात जायचं. 'स्त्री' गावोगाव गेलं, पोस्टानं गेलं, वाचनालयातून गेलं. आणि ते जाऊ शकलं त्याचं एक कारण ती पाककृतीची आणि विणकामाची पानंच होती, ज्यांना तुमच्या लेखात हिणवल्यासारखं झालंय. सासऱ्यानं वर्गणी भरायची तर त्याला काय सांगणार, की मला संततिनियमनाचं वाचायचंय? मुलांचे स्वेटर घरी विणता येतील, दिवाळीचा फराळ नीट जमेल असं सांगितलं की पैसे मिळायचे. त्या पानांमुळं बाकीची पानं घरात आली.

हे मी ऐकून सांगत नाही. माझी आत्या साखर पेठेत राहायची, तिच्याकडं 'स्त्री'चे अंक पत्र्याच्या पेटीत होते, वर्षावर्षाचे दोऱ्यानं टाचून ठेवलेले. त्यातला एक अंक मला अजून डोळ्यासमोर दिसतो. स्वेटरचा नमुना आहे, त्याच्यावर आत्यानं टाके मोजताना पेन्सिलनं बारीक बारीक रेघा मारल्यात, पाच रेघा आणि वर आडवी, पाच रेघा आणि वर आडवी. आणि पान उलटलं की मागं हुंड्यावरच्या एका लेखाचा शेवट. शेजारच्या बायका नमुना कापून द्या म्हणायच्या तर आत्या कापून द्यायची नाही, कारण नमुना कापला की मागचा लेख जाणार. मग ती दिव्याजवळ बसून पातळ कागदावर नमुना उतरवून द्यायची. तिचं शिक्षण जुनी सातवी. तिला कुणी शिकवलं नव्हतं की स्वेटर महत्त्वाचा का लेख महत्त्वाचा, तिला दोन्ही पाहिजे होतं. म्हणून मला तुमच्या लेखातली ती मांडणी पटत नाही की आधी सगळं घरगुती होतं आणि मग एकदम सगळं मॉडर्न झालं. एकाच कागदाला दोन्ही बाजूला दोन्ही गोष्टी होत्या, पहिल्यापासून.

दुसरं, बायका शिकल्या म्हणून मासिकं बदलली असं म्हणताना मासिक वाचून बायका बदलल्या हे विसरायचं नाही. आणि त्या बदललेल्या बायका मग मासिकाला पत्रं लिहायच्या, त्यानं मासिक बदलायचं. मला विचाराल तर मासिकाची खरी ओळख त्याच्या मुखपृष्ठावरून कळत नाही, वाचकांच्या पत्रांच्या पानावर कळते. तिथं कोण लिहितंय, कुठल्या गावाहून लिहितंय, काय मागतंय, आणि संपादक त्याला उत्तर देतोय का. आत्या अंक आला की पहिल्यांदा ती पत्रं वाचायची, नाव नसलेली पत्रं तर दोनदा वाचायची. मी एकदा विचारलं हे कुणी लिहिलंय, तर म्हणाली "कुणी का असंना, आपल्यातलीच हाय की."

संपादक मात्र बरीच वर्षं पुरुषच. शंवाकि, मग त्यांचे चिरंजीव मुकुंदराव. मुकुंदरावांच्या पत्नी शांताबाईंनी पण खूप काम केलं. मग विद्या बाळ. त्या १९६४ ला 'स्त्री'त कामाला लागल्या आणि १९८३ ला संपादक झाल्या. मधल्या वीस वर्षांत बाहेर काय काय झालं बघा. १९७२ चा दुष्काळ, आपल्या जिल्ह्यात तर रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर बायकाच जास्त दिसायच्या असं आई सांगायची. त्याच सुमाराला मुंबईत महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले. १९७५ चं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. १९७७ ला 'बायजा' नावाचं चळवळीतल्या बायकांचं नियतकालिक निघालं. मग मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात आरोपी पोलिसांना सोडणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि त्यावरून १९८० ला देशभर झालेलं आंदोलन, आणि १९८३ ला कायदाच बदलला, सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ कलम पण त्याच साली आलं. स्टोव्ह भडकून सुना मरत होत्या आणि पेपरात दोन ओळीची बातमी यायची. पुण्यात विद्याताई आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी नारी समता मंच काढला, सासरी जीव गेलेल्या मंजुश्रीच्या नावानं 'मी एक मंजुश्री' म्हणून प्रदर्शन तयार केलं, ते गावोगाव फिरवलं. सासरी मुलींचे असे जीव का जातात हे चौकात मांडून लोकांना विचारलं.

असली बाई संपादक म्हटल्यावर मासिक पण तसंच व्हायचं. आणि इथं आमच्या घरात दोन तट पडले. आईला आवडायचं. आई शाळेत शिकवायची, तिच्या भिशीतल्या बायका आळीपाळीनं अंक वाचायच्या आणि भिशीच्या दिवशी त्यावर बोलायच्या, चहा थंड होईपर्यंत. आत्याला नाही आवडायचं. तिचं म्हणणं, हे आपलं मासिक आता मोर्चात गेलं, ह्यात माझ्यासारखीनं काय वाचायचं, सगळं वाचून नुसता जीव घाबरा होतोय. तिनं वर्गणी बंद केली आणि 'माहेर' घ्यायला लागली, त्यातल्या कथा तिला आवडायच्या. आई म्हणायची वन्सं मागं राहिल्या. मला तेव्हापण तसं वाटलं नाही आणि आतापण वाटत नाही. जिनं स्वेटरपायी लेख जाऊ दिला नाही ती बाई मागं राहणारी नव्हती. ज्या मासिकात आपण घरात बसून पण होतो, त्यात आता आपल्याला जागा नाही असं तिला वाटलं, हे दुःख खरं होतं. मासिक बदलताना जुन्या वाचकाचा हात सुटतो, त्याबद्दल कुणी फार लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. पण बदलायला नको होतं असंही मी म्हणणार नाही. सुना जळत असताना नुसती भरतकामाची पानं छापणं हे पाप झालं असतं.

आणि अजून एक बाई होती जिला ना पहिल्या 'स्त्री'त जागा होती ना दुसऱ्या. आत्याच्या शेजारी एक अक्का राहायच्या, पद्मशाली समाजातल्या, घरात तेलुगू, आमच्याशी मोडकं मराठी. दिवसभर उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, हात बघेपर्यंत विडी तयार. बोलताना पण हात थांबायचे नाहीत. संध्याकाळी विड्या कारखान्यात द्यायला जायच्या तिथं तपासणारा हातात घेऊन घेऊन वाईट म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. मी सुट्टीत आत्याकडं असायचे तेव्हा त्या मला म्हणायच्या, वाच की गं पोरी मोठ्यानं. मी 'स्त्री'तल्या गोष्टी वाचायचे, लेख वाचायचे, त्या ऐकत वळत राहायच्या. एकदा कसल्या तरी लेखात नोकरी करणाऱ्या बाईची कसरत, ऑफिस आणि घर दोन्ही सांभाळायचं असं होतं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात विडीवाल्या बायकांचं कधी येतंय का?" मी पुढचे अंक चाळून बघितले, पेटीतले मागचे पण बघितले. आमच्याकडं होते त्या अंकात मला काही सापडलं नाही. मी अकरा-बारा वर्षांची असेन पण त्यांना नाही म्हणून सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून मी त्या मासिकाचं कौतुक करते ते डोळे झाकून करत नाही. ते मुख्यतः शिकलेल्या, मराठी बोलणाऱ्या, चार पैसे वर्गणीला काढू शकणाऱ्या घरांचं मासिक होतं. आपलं सोलापूर म्हणजे निम्मं तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं गाव. चादरीच्या मागावर, कांड्या भरण्यात, विडीत, आता गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवायला, हजारो बायका राबल्या नि राबतात. कुंभारीला विडी कामगार बायकांनी कम्युनिस्ट पुढारी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी केली, त्यासाठी मोर्चे काढले, वर्षानुवर्षं दिल्ली-मुंबईचे उंबरे झिजवले. एवढी मोठी गोष्ट बायकांनी केली आणि तिच्यावर महिला पुरवणीत सलग चार पानं आल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

तर पुढचं थोडक्यात. १९८६ ला विद्याताई 'स्त्री'तून बाहेर पडल्या. तोवर घरात टीव्ही आला होता, रंगीत गुळगुळीत पानांची मासिकं आली होती, आणि जाहिरात देणाऱ्यांना बाई पाहिजे होती ती खरेदी करणारी. ऑगस्ट १९८९ ला त्यांनी मैत्रिणींबरोबर 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. मागं उद्योगपती नाही, वर्गणीदार आणि हितचिंतक यांच्या जिवावर. ते तीस वर्षांच्या वर चाललं, आणि त्यात पुरुषांनी पण वाचावं, लिहावं असा आग्रह पहिल्यापासून होता, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बायकांचं मासिक म्हणजे फक्त बायकांनी आपापसात वाचायचं असं ठेवलं नाही त्यांनी. शेवटपर्यंत बाई लढत होत्या, २०१६ ला शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्या म्हणून हायकोर्टात गेल्या तेव्हा वय ७९. ३० जानेवारी २०२० ला त्या गेल्या. तेव्हा आई आजारी होती, तिला बातमी वाचून दाखवली तर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली भिशीतल्या सगळ्यांना फोन लाव.

आता तुमच्या पुरवणीकडं येते. राग मानू नका, मी ती दर आठवड्याला वाचते. चेहऱ्यावर काय लावायचं, वजन कसं कमी करायचं, सणाला कुठली साडी, मधे एका यशस्वी उद्योजिकेची मुलाखत, आठ मार्चला दागिन्यांच्या दुकानांच्या पानभर जाहिराती. पाककृतीला माझा अजिबात विरोध नाही, शेंगा चटणीची नीट कृती कुणी छापली तर मी कापून ठेवीन. मला खटकतं ते हे की त्या पुरवणीत वाचक बाईचा आवाज कुठंच नाही. एक पण पत्र नाही. तुम्ही बोलता, आम्ही वाचायचं. १९३० चं मासिक जास्त विचारायचं हो आम्हाला. बायका आता बोलत नाहीत असं पण नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री अकरा-अकरापर्यंत बोलत असतात, नवऱ्याच्या दारूबद्दल, मुलीच्या ॲडमिशनबद्दल, पाळी जाताना होणाऱ्या त्रासाबद्दल, सासूच्या आजारपणात नोकरी सोडावी का त्याबद्दल. पण ते सगळं तिथंच राहतं, दुसऱ्या दिवशी शंभर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. छापून आलं की त्याला वजन येतं, घरातला पुरुष पण वाचतो, कुणीतरी त्यावर उत्तर देतं.

तर माझ्या मागण्या सांगते. पुरवणीत एक अख्खं पान पत्रांना द्या, कोपरा नको, पान द्या. ज्यांना लिहिता येत नाही किंवा मराठी लिहिण्याचा सराव नाही त्यांना फोनवर बोलून रेकॉर्डिंग पाठवू द्या, तेलुगूत बोलू दे, कन्नडात, उर्दूत बोलू दे, तुमच्या ऑफिसात या भाषा येणारी माणसं नक्की असणार, त्यांच्याकडून उतरवून घ्या. नाव छापायचं नसेल तर छापू नका. आणि त्यातल्या प्रश्नांना उत्तर द्यायला वकील, डॉक्टर, कामगार संघटनेतली माणसं बसवा, ज्यांना खरंच माहितीय अशी. विडीवाल्या बायकांच्या रजेचं काय, प्रॉव्हिडंट फंडचं पासबुक हातात का मिळत नाही, असले प्रश्न येतील, आणि तेच यायला पाहिजेत.

दुसरी मागणी जुन्या अंकांची. मागच्या पावसाळ्यानंतर गावातल्या एका वाचनालयानं जुनी मासिकं रद्दीला काढली. नाव सांगत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, जागा कमी असते, छत गळतं, अनुदान वेळेवर येत नाही, मला सगळं माहितीय. पण सुतळीनं बांधलेले गठ्ठे दाराबाहेर टेम्पोची वाट बघत पडलेले मी बघितले, वरच्या गठ्ठ्यात 'स्त्री', 'किर्लोस्कर', दिवाळी अंक सगळं एकत्र. आत जाऊन विचारलं तर म्हणाले, मॅडम आता कोण वाचतंय हे, वाळवी लागायलीय. मी थोडे विकत मागितले तर रद्दीवाल्याशी किलोवर सौदा झालाय म्हणाले. शेवटी त्या टेम्पोवाल्यालाच पैसे देऊन जेवढे उचलता आले तेवढे उचलले. बाकीचे गेले. अख्ख्या जिल्ह्यातल्या बायका काय वाचायच्या, कशावर चिडायच्या, काय विचारायच्या त्याचा पुरावा किलोवर गेला.

तुमचा पेपर घराघरात जातो. तुम्ही जर एक आवाहन छापलं की ज्यांच्याकडं 'स्त्री', 'किर्लोस्कर', 'मनोहर', 'बायजा', 'माहेर', 'मिळून साऱ्याजणी' यांचे जुने अंक आहेत त्यांनी रद्दीत देऊ नका, आम्हाला कळवा, तर लोक देतील. माळ्यावर पेट्या असतात, म्हाताऱ्या माणसांच्या मागं मुलं पुण्याला मुंबईला, घर विकायच्या आधी सगळं एकदम काढून टाकतात, त्या वेळी कुणी विचारणारं असलं तर वाचेल. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या मुलांना हाताशी धरून मोबाईलवर स्कॅन करता येतं, त्याला फार खर्च नाही. अंक फाटके असले, मधली पानं नसली, पानावर तेलाचे डाग असले तरी चालतील म्हणून आवाहनात मुद्दाम लिहा, नाहीतर लोकांना वाटतं चांगलंच द्यायला पाहिजे आणि ते काहीच देत नाहीत. आणि कुणाच्या घरात एखादीनं मासिकाला लिहिलेल्या पत्राची नक्कल, संपादकांचं आलेलं उत्तर, पोस्टकार्ड असलं काही सापडलं तर ते अंकाच्या आधी जपा.

आत्याची पेटी आता माझ्याकडं आहे. टेम्पोतले वाचवलेले अंक पण आहेत, त्यांना उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलंय. स्कॅनिंगसाठी सगळे द्यायला मी तयार आहे, माझा पत्ता आणि फोन पत्राबरोबर वेगळा दिलाय तो छापू नका. अट एकच, टाचणीचा दोरा सोडायचा नाही आणि अंक मोजून परत मिळाले पाहिजेत. माणूस पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवा, त्याआधी मी क्लास घेते.

आपली नियमित वाचक,
सोलापूर